वायरमनचा टेस्ट लॅम्प

पावसानं जोर धरला की मुंबईच्या उपनगरांत ऑटो इलेक्ट्रिशियनला जेवायला फुरसत नसते. कुणाचा एक हेडलाइट मिणमिणतो, कुणाचा इंडिकेटर भलताच फास्ट मारतो, तर कुणाचा ब्रेकलाइट रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी उतरलेली असते. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत या कारागिराचं दुकान म्हणजे जेमतेम एका शटरची जागा. आत रंगीत वायरींची बंडलं, होल्डर, रिले, काळी टेप. आणि हाताशी टेस्ट लॅम्प.

हे हत्यार तो स्वतःच बनवतो. गाडीचाच १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. एकीला क्लिप, दुसरीला टोकदार सळई. क्लिप बॉडीला लावायची आणि सळईनं करंट शोधत जायचं. मल्टिमीटर असूनही याच्यावर भरवसा का? मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढलेला असला तरी तो खुशाल साडेबारा व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर ओढतो आणि जोड कच्चा असेल तर तिथल्या तिथे मंद पडतो. ओझं टाकल्याशिवाय वायरीची खरी ताकद कळत नाही.

गिऱ्हाईक बल्ब बदलून मागतं. मुरलेला वायरमन आधी अर्थ बघतो. गाडीत करंट वायरीनं दिव्यापर्यंत जातो आणि पत्र्याच्या बॉडीतून बॅटरीकडे परततो. बिघाड पुष्कळदा या परतीच्या वाटेवर असतो. ५५ वॅटच्या हेडलाइटला सुमारे साडेचार अँपिअर लागतात. अर्थच्या जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा आला तरी जवळपास दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि उजेड निम्म्यावर येतो.

मागच्या दिव्यांची गंमत आणखी न्यारी. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट नीट लागत नाही, उलट बंद असलेले टेललाइट अंधुक पेटतात. ब्रेकची २१ वॅटची आणि टेलची ५ वॅटची तार पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बमध्ये असते, आणि दोघींचा अर्थही एकच. तो तुटला की ब्रेकचा करंट टेलच्या तारेतून उलटा शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या टेललाइटमधून बॉडी गाठतो. वायरमन डिकीतला अर्थचा बोल्ट खोलतो, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासतो, बोल्ट आवळतो, वर व्हॅसलीन लावतो. नवा बल्ब लागतच नाही.

या धंद्याची शाळा म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. त्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. मोजके फ्यूज, डोळ्यांनी माग काढता येईल असं वायरिंग; काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर हात बसला की पोरगं तयार. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

पुराचे धडे वेगळेच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्यात बुडालेली गाडी सुकून सुरू झाली, तरी कनेक्टरमधला गंज महिनोन् महिने एकेक दिवा विझवत राहतो.

आताच्या गाड्यांत दिव्यांचा हुकूम बॉडी कंट्रोल मॉड्यूल देतं. तिथे टेस्ट लॅम्प कुठेही टोचून चालत नाही. मॉड्यूलचा आउटपुट जळू शकतो, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला तर हातही लावायचा नाही. आधी स्कॅनर, मग सर्किटचा नकाशा. पण मॉड्यूलच्या पुढे वायर, होल्डर आणि अर्थ पूर्वीचेच आहेत.

म्हणून दिवा मंद झाला तर १०० वॅटचा बल्ब मागू नका, होल्डर वितळेल. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाका: १०चा लाल, १५चा निळा. इंडिकेटर फास्ट मारू लागला तर आधी त्या बाजूचे बल्ब बघा, एखादा गेलेला असतो. आणि जो इलेक्ट्रिशियन न तपासता वायर कापायला पक्कड काढतो, त्याच्याकडून चावी परत घ्या.