डबा पत्र्याचा, रेंज कुठून येणार?

पत्र्याच्या शेडमध्ये कॉल कट होतो, म्हणून फोन घेऊन अंगणात यायचं. धाराशिव जिल्ह्यात हा अनुभव नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. पण कॉलेजचा प्रोजेक्ट करताना नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो.

आरसी कार, बोट किंवा फोमचं विमान बनवायचं असतं. रिमोट घरीच केलेला असतो: आर्डुइनो, दोन जॉयस्टिक आणि ‘एनआरएफ24’ नावाचं स्वस्तातलं रेडिओ मॉड्यूल. टेबलावर सगळं झकास चालतं. मग एसटीत आदळआपट नको म्हणून सगळं मजबूत पत्र्याच्या डब्यात बसवतात. ग्राउंडवर गाडी थोडी पुढे जाते आणि गप्प! शिव्या बसतात कोडला. चूक असते डब्याची.

रेडिओ लहरी धातूतून आरपार जात नाहीत. मायकेल फॅरेडेने 1836 मध्ये धातूच्या पिंजऱ्याचा हा गुण दाखवला होता. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण आपल्या रिमोटच्याच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्याचा धातूचा डबा लहरी आतच अडवतो. म्हणजे अँटेना आत ठेवली की आपला रिमोट झाला ओव्हन.

डबाच कामाला लावा

गंमत अशी की अँटेना बाहेर काढली की हाच डबा मदतीला येतो. 2.4 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण 12.5 सेंटिमीटर, तिचा पाव भाग 31 मिलिमीटर. एवढी उभी तार चालते, पण तिला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो. तार म्हणजे अर्धी अँटेना, उरलेली अर्धी डब्याचा पत्रा. जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या रिमोटला पाव लांबीच पावणेतीन मीटर व्हायची! म्हणून त्यात आखूड टेलिस्कोपिक दांडी आणि जोडीला कॉइल असायची. ती दांडी डब्याला टेकू नये म्हणून बुडाशी प्लॅस्टिकचं बुश बसवायचे.

आता ‘एसएमए’ कनेक्टर येतो. त्याचं बाहेरचं कवच डब्याला घट्ट जोडलेलं हवं आणि मधली पिन पूर्ण वेगळी. भोक साडेसहा मिलिमीटरचं पाडा. नटखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडा, कारण रंगावर नट कितीही आवळला तरी जोड मिळत नाही. केबल आणि अँटेना लावण्याआधी मल्टीमीटर धरा: कवच आणि डबा यांत बीप यायला हवा, पिन आणि डबा यांत नको.

बाजारातल्या काळ्या रबरी अँटेना बऱ्याचदा आतून पूर्ण डायपोल असतात. त्यांना पत्र्याचा आधार लागत नाही, पण डब्याला आडवी खेटून ठेवली की रेंज घटते. अँटेनाचं टोक मॉडेलकडे रोखू नका, त्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. आणि अँटेना न लावता रिमोट ऑन करू नका, पॉवर उलटी फिरून मॉड्यूल जळू शकतं.

खाली माणसं असतात

गाडी थांबली तर उचलून आणता येते. विमानाचं तसं नाही. सिग्नल तुटला तर ते सोयाबीन खुरपणाऱ्या बायांच्या अंगावरही जाऊ शकतं. म्हणून प्रोपेलर काढा, रिमोटची पॉवर कमी ठेवा, मित्राच्या हातात मॉडेल द्या आणि आधी चालत जाऊन रेंज तपासा. ‘एनआरएफ24’मध्ये फेलसेफ आयता येत नाही. अर्धा सेकंद सिग्नल आला नाही की मोटर बंद, एवढं कोडमध्ये स्वतः लिहा.

बूस्टरचा मोहही टाळा. 2.4चा बँड विनापरवाना वापरता येतो, तो ठरलेल्या पॉवरपर्यंतच. उडवायचं असेल तर 2021 चे ड्रोन नियम वाचा, डिजिटल स्कायवर आपल्या भागाचा झोन बघा.

एक भोक, एक नट आणि खरवडलेला रंग. कोड पुन्हा लिहायच्या आधी एकदा डबा उघडून बघा.