तेंदूपत्त्याचा सौदा आणि कापडाची उधारी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आम्ही कापडाचे व्यापारी तेंदूपत्त्याचा हंगाम पाहून माल भरतो. मे महिन्यात पत्ता तोडून मजुरी हाती पडली की लग्नाचा बस्ता निघतो, मुलांचे कपडे घेतले जातात. पत्त्याचा पैसा अडला की आमची उधारीही अडते. म्हणून ग्रामसभा आणि ठेकेदार यांच्यातील ओढाताण हा आमच्याही पोटापाण्याचा प्रश्न आहे.

गावांनी एकी केली की धंद्याचे स्वातंत्र्य संपते, अशी तक्रार आमच्या व्यापारी बांधवांत ऐकू येते. पण पूर्वी तरी ते कुठे होते? १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारने ताब्यात घेतला. सरकार लिलाव करी, ठेकेदार माल उचली आणि पत्ता तोडणारा ठरेल ती मजुरी घेई. मालाचा भाव करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. बोली मागवणे, करार करणे हे गावच पाहते. सत्तर पानांचे पुडे घेऊन फळीवर एकटा उभा राहिलेला माणूस भाव काय करणार? दहा गावे एकत्र बसली तर सौदा बरोबरीचा होतो. आमच्याही व्यापारी संघटना आहेतच की!

मात्र एकी केली म्हणजे नुकसान टळतेच असे नाही. २०१७ च्या हंगामात भाव चढले होते. त्याच जुलैत जीएसटी आला : पत्त्यावर १८ टक्के, विडीवर २८ टक्के. २०१८ मध्ये भाव कोसळले. त्या वर्षीची काही उधारी आमच्या वहीत आजही तशीच आहे. २०२५ मध्ये पत्त्यावरील दर ५ टक्क्यांवर आणि २०२६ मध्ये विडीवरील दर १८ टक्क्यांवर आला, पण बुडालेली रक्कम काही परत येत नाही.

तेव्हा ग्रामसभांनी करार लेखी करावा, माल उचलण्यापूर्वी रक्कम घ्यावी आणि हिशेब भर सभेत वाचावा. आणि आम्ही व्यापाऱ्यांनी त्यांच्या एकीला नावे ठेवणे सोडावे. मेहनतीचा रास्त दाम मिळालेले गिऱ्हाईकच रोखीने कापड नेते.