खोडसाळ पॅकेट

या आठवड्यात पॅम-४ ही सिग्नल पाठवायची पद्धत घेणार होतो. पण मागच्या लेखावर एका वाचकांनी असा नेमका प्रश्न पाठवलाय, की पॅम-४ला थांबावं लागेल. ते म्हणतात, ८बी/१०बीमध्ये सलग पाचपेक्षा जास्त शून्यं किंवा एक येऊच शकत नाहीत, ही हमी आहे. ६४बी/६६बीमध्ये नुसता स्क्रॅम्बलर, म्हणजे बिट पिसणारं सर्किट; सगळा नशिबावर हवाला. मग १० गिगाबिट इथरनेटवाल्यांनी हमी सोडून नशीब का पत्करलं? आणि ते नशीब कोणी मुद्दाम फिरवलं तर?

पहिल्याचं उत्तर लेझरमध्ये आहे. विडमर आणि फ्रानाझेक या आयबीएमच्या जोडीने १९८३ मध्ये मांडलेली ८बी/१०बी मला आजही सर्वांत देखणी सांकेतिक पद्धत वाटते. पण दर आठ बिटांमागे दोन जादा बिट म्हणजे १० गिगाबिटसाठी तारेवर १२.५ गिगाबॉड. त्या काळी टेलिफोन कंपन्यांच्या ओसी-१९२ जोडण्यांसाठी ९.९५ गिगाबिटचे लेझर आणि चिप तयार होत होते. ते जरा ताणून १०.३१२५पर्यंत नेता येत होते, १२.५पर्यंत नेणं फार महाग पडलं असतं. रिक वॉकर आणि एजिलंटमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ६४बी/६६बीचा जादा बोजा फक्त ३.१२५ टक्के. एवढ्यावरच अर्धा वाद मिटला.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि त्यामागे तेव्हाचं एक ताजं दुखणं होतं. टेलिफोन कंपन्यांच्या याच सोनेट जोडण्यांवरून थेट आयपी पॅकेट पाठवायची पद्धत १९९४ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी १६१९ या दस्तऐवजाने घालून दिली. सोनेटचा स्क्रॅम्बलर सात बिटांचा. त्याचा क्रम दर १२७ बिटांनी पुन्हा सुरू होतो आणि प्रत्येक फ्रेमच्या आरंभी तो ठरलेल्या जागेवरून निघतो. पत्ते पिसायचे, पण प्रत्येक डावाला अगदी त्याच क्रमाने, आणि तो क्रम छापील मानकात सगळ्यांना वाचायला खुला! टेलिफोनच्या आवाजाला यात काही धोका नव्हता. आवाज कोणाचा डाव ओळखून बोलत नाही. पण इंटरनेटवर बसलेला एखादा खोडसाळ माणूस पॅकेटमध्ये तोच १२७ बिटांचा क्रम भरू शकतो. जागा जुळली की स्क्रॅम्बलरमधून नुसती शून्यांची रांग बाहेर पडते. जुळली नाही तर पुन्हा पाठवायचं, त्याला काय घाई आहे? शून्यांची रांग लांबली की पलीकडच्या रिसीव्हरचं क्लॉक भरकटतं आणि त्या जोडणीवरच्या सगळ्यांचंच बोलणं तुटतं. यावर १९९९ मध्ये आरएफसी २६१५ने आणखी एक, ४३ बिटांचा स्क्रॅम्बलर बसवला.

हा दुसरा स्क्रॅम्बलर वेगळ्या जातीचा आहे. तो दर फ्रेमला ठरलेल्या जागेवरून सुरुवात करत नाही. आधी तारेवर गेलेल्या बिटांवरून पुढचे बिट पिसतो. म्हणजे त्याची या क्षणाची स्थिती कळण्यासाठी तुमच्या आधी कोणाचं काय गेलं, तेही माहीत हवं. ६४बी/६६बीने हीच जात उचलली आणि लांबी ५८ बिट ठेवली. खोडसाळ माणसाला आता २चा ५८वा घात, म्हणजे अठरा आकडी संख्येइतक्या स्थितींपैकी नेमकी एक ओळखायची आहे. मला विचाराल तर ही हमीच झाली. फक्त तिचं गणित वेगळं.

शिवाय वॉकरने थोडी जुनी हमीही राखून ठेवली. दर ६६ बिटांच्या गठ्ठ्यातले पहिले दोन बिट पिसलेच जात नाहीत. डेटाच्या गठ्ठ्यात ते ०१ असतात, नियंत्रणाच्या गठ्ठ्यात १०, त्यामुळे दर गठ्ठ्यात एक बदल पक्का. आणि एखादा बिट चुकला तर ते ०० किंवा ११ होतात, चूक उघडी पडते. डेटाच्या गठ्ठ्याला नियंत्रणाचा गठ्ठा समजायला दोन्ही बिट एकदम चुकावे लागतात.

८बी/१०बीवाल्यांना वाटत असेल की ते हरले, तर १० गिगाबिट इथरनेटच्याच मानकातली एक्सएयूआय ही जोडणी बघा. बोर्डावर चिपपासून मॉड्यूलपर्यंत चार लेन, प्रत्येकी ३.१२५ गिगाबॉड, आणि त्यांवर चक्क ८बी/१०बी! तिथे वेग चौघांत वाटला गेलाय, त्यामुळे जादा बिट परवडतात. जून २००२ मध्ये ते मानक (८०२.३एई) मंजूर झालं तेव्हा दोन्ही पद्धती त्यात शेजारी शेजारी होत्या.

एक खोट मात्र राहते. या जातीचा स्क्रॅम्बलर उलगडताना तारेवर चुकलेला एक बिट तीन जागी चूक करतो. इथरनेटच्या फ्रेममागचा ३२ बिटांचा सीआरसी हा तपासणीचा आकडा फ्रेममधल्या तीन चुकाही हमखास पकडतो, म्हणून १० गिगाबिटला ते चालून गेलं. पॅम-४मध्ये मुळातच चुका इतक्या, की त्यांची तिप्पट कोणालाच सोसणारी नाही. म्हणून तिथे रिसीव्हर आधी चुका दुरुस्त करतो आणि मगच पिसलेलं उलगडतो. पण पॅम-४मध्ये एवढ्या चुका होतात तरी का, ते पुढच्या आठवड्यात. मध्येच आणखी कोणी असा प्रश्न पाठवला नाही तर.