पोर्शे बॉक्स्टरच्या इंजिनातील तेल-विभाजक व शीतक दोषांचे प्राथमिक निदान

प्रस्तावना :

जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९९६ मध्ये बॉक्स्टर ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. ९८६ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी तिची पहिली पिढी २००४ पर्यंत तयार होत होती. या गाडीबरोबर कंपनीच्या इतिहासात एक मोठे स्थित्यंतर घडून आले. सहा सिलिंडरांचे हवेने थंड होणारे आडवे इंजिन ही पोर्शेची अनेक दशकांची ओळख होती. बॉक्स्टरमध्ये मात्र पूर्णतः पाण्याने थंड होणारे, २.५ लिटर क्षमतेचे एम ९६ मालिकेतील इंजिन बसविण्यात आले. याच मालिकेतील ३.४ लिटरचे इंजिन पुढे ९९६ क्रमांकाच्या ९११ गाडीत आले आणि १९९८ मध्ये हवेने थंड होणाऱ्या ९११ चे उत्पादन थांबले.

या गाड्या आता दोन ते तीन दशके जुन्या झाल्या आहेत. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरची आजची किंमत पुष्कळदा इंजिनाच्या पुनर्बांधणीच्या खर्चाहून कमी असते. परिणामी चुकीच्या निदानाने केवळ पैसा वाया जातो असे नव्हे, तर दुरुस्त होऊ शकणारी गाडी भंगारात जाते. धुराड्यातून निघणारा पांढरा धूर आणि झाकणाखाली दिसणारा दुधाळ थर ही दोन लक्षणे या बाबतीत सर्वाधिक दिशाभूल करतात. एकाच लक्षणामागे किरकोळ, मध्यम आणि गंभीर अशी तिन्ही प्रकारची कारणे असू शकतात. ती वेगळी कशी ओळखावीत, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तेल-विभाजकाचे कार्य :

कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या कड्यांमधून थोडे ज्वलनवायू खाली क्रँककेसमध्ये झिरपतात. हे वायू बाहेर काढले नाहीत तर आतील दाब वाढून ऑइल सील गळू लागतात. त्यामुळे इंजिनाच्या शोषण-नळीतील निर्वाताच्या साहाय्याने ते ओढून घेऊन पुन्हा सिलिंडरमध्ये जाळले जातात. या वायूंबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंबही येतात. ते वेगळे करून तेलकुंडात परत पाठविण्याचे काम तेल-विभाजक करतो. विभाजक हे प्लास्टिकचे भांडे असून त्यात रबराचा एक पातळ पडदा असतो. शोषण-नळीतील तीव्र निर्वात थेट क्रँककेसपर्यंत पोहोचू न देता तो मर्यादित ठेवणे हे या पडद्याचे कार्य होय.

उष्णता आणि तेलाची वाफ यांमुळे कालांतराने रबर कडक होते व पडद्याला चीर पडते. मग निर्वातावर नियंत्रण राहत नाही आणि तेल सिलिंडरकडे ओढले जाते. आरंभी इंजिन सुरू करताना अधूनमधून धूर दिसतो. पुढे तेलाचा खप वाढतो, इंजिन मंद गतीवर थरथरते आणि संगणक मिश्रण विरळ झाल्याची नोंद करतो. दोष बळावल्यावर धुराचे दाट लोट निघतात. तेलाचा धूर निळसर असतो असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तेलाचे प्रमाण मोठे असेल तर तो पांढराच भासतो. यामुळेच विभाजकाचा दोष हा सिलिंडर हेडचा दोष समजला जाण्याची शक्यता असते. तेल जळत राहिल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. द्रवरूप तेल सिलिंडरमध्ये साचले तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचाही धोका असतो.

शीतक व्यवस्थेतील दोष :

बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे, तर रेडिएटर गाडीच्या पुढील भागात आहेत. शीतक लांब नळ्यांतून गाडीच्या खालून ये-जा करते. या व्यवस्थेतील नेहमीचे दोष तीन ठिकाणी आढळतात. पहिले ठिकाण मागील डिकीतील प्लास्टिकची शीतक-टाकी. तिला तडा गेल्यास डिकीतील गालिचा ओला होतो. दुसरे ठिकाण टाकीचे झाकण. ते दाब धरून ठेवीत नसेल तर शीतक हळूहळू बाहेर जाते. कंपनीने या झाकणात वेळोवेळी सुधारणा केल्या. तिसरे ठिकाण वॉटर पंप. त्याच्या दांड्यापाशी ओल किंवा वाळलेल्या शीतकाचा थर दिसणे, तसेच बेअरिंगचा आवाज येणे ही पूर्वसूचना मानावी.

हे तिन्ही दोष बाह्य गळतीचे असून वेळीच लक्ष दिल्यास आटोक्यात राहतात. तेल आणि शीतक यांची आतल्या आत सरमिसळ होणे ही बाब मात्र गंभीर होय. इंजिनावरील तेल थंड करणारा उष्णता-विनिमयक फुटणे किंवा सिलिंडर हेडला तडा जाणे ही तिची प्रमुख कारणे आहेत. इंजिन चालू असताना तेलाचा दाब शीतकाच्या दाबापेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे विनिमयक फुटला की प्रथम तेल शीतकात जाते आणि शीतक-टाकीत तपकिरी, घट्ट साय दिसू लागते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, परंतु तापलेल्या शीतकाचा दाब काही काळ टिकतो. त्या अवधीत शीतक तेलात शिरू शकते.

याउलट केवळ तेलाच्या झाकणाखाली दिसणारा पिवळट, दुधाळ थर पुष्कळदा निरुपद्रवी असतो. थंड हवामानात कमी अंतराचे प्रवास केल्यास इंजिन पुरेसे तापत नाही व हवेतील बाष्प तेलात मिसळते. गाडी दीर्घ अंतर चालविल्यावर हा थर नाहीसा होतो. कोणत्या झाकणाखाली काय दिसते, हा प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतो.

निदानाचा क्रम :

सोप्या व स्वस्त चाचणीकडून कठीण चाचणीकडे जाणे हे निदानाचे तत्त्व असावे.

१. प्रथम इंजिन थंड असताना तेल व शीतक यांची पातळी पाहावी. शीतकाचे झाकण गरम इंजिनावर कदापि उघडू नये. तेल मर्यादेपेक्षा अधिक भरलेले असेल तर निरोगी विभाजकातूनही ते ओढले जाऊ शकते.

२. धूर केव्हा निघतो हे नोंदवावे. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात, विशेषतः गाडी एका बाजूस कलती उभी असल्यास, थोडे तेल कड्यांतून झिरपते. सुरू करताना क्षणभर दिसणारा धूर म्हणून दोष मानू नये. तो रेंगाळत असेल किंवा वारंवार दिसत असेल तर पुढील चाचणी करावी.

३. तापलेले इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेलाचे झाकण सावकाश उचलावे. किंचित ओढ जाणवणे स्वाभाविक आहे. झाकण घट्ट चिकटल्यासारखे वाटले वा शीळ ऐकू आली तर पडदा फाटल्याची शंका घ्यावी. निश्चितीसाठी तेथे मॅनोमीटर जोडावा. निरोगी विभाजक साधारणपणे ४ ते ६ इंच जलस्तंभ इतका निर्वात दाखवितो. ८ इंचांच्या पुढील आकडा दोष सुचवितो.

४. हवेची नळी सोडवून थ्रॉटलपाशी पाहावे. तेलाचा पातळ लेप सामान्य असतो. साचलेले तेल मात्र विभाजकाकडे बोट दाखविते.

५. शीतक कमी होत असेल तर हातपंपाने झाकणावर नमूद केलेल्या दाबापर्यंत व्यवस्था दाबून ठेवावी व दाब उतरतो का, ओल कोठे दिसते, हे पाहावे.

६. बाहेर गळती आढळली नाही तर टाकीतील हवा निळ्या रासायनिक द्रावातून ओढावी. ज्वलनवायू असल्यास द्राव पिवळा होतो. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात सोडियम वा पोटॅशियम वाढलेले आढळणे ही शीतक मिसळल्याची खूण असते.

या सर्व चाचण्यांपैकी एकीसाठीही इंजिन उतरवावे लागत नाही. सिलिंडर हेड उघडण्याचा सल्ला यापूर्वीच दिला जात असेल तर मालकाने तो स्वीकारू नये.

निष्कर्ष :

१. धुराचा रंग हा स्वतंत्र पुरावा नव्हे. त्याची वेळ, त्याचा कालावधी आणि क्रँककेसमधील निर्वात यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.

२. दुधाळ थर तेलाच्या झाकणाखाली असल्यास प्रथम बाष्पाचा, शीतक-टाकीत असल्यास प्रथम उष्णता-विनिमयकाचा विचार करावा.

३. सरमिसळ सिद्ध झाल्यास गाडी चालविणे तात्काळ थांबवावे, कारण शीतकमिश्रित तेल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. विनिमयक बदलल्यावर संपूर्ण शीतक व्यवस्था वारंवार धुऊन तेलाचा अंश काढणेही तितकेच आवश्यक आहे.

सारांश, एका रबरी पडद्याची चीर आणि सिलिंडर हेडचा तडा ही दोन्ही कारणे आरंभी सारखीच दिसतात. परंतु त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात फार मोठे अंतर असते. ते अंतर इंजिन खोलण्यापूर्वी ओळखता येते, हेच प्राथमिक निदानाचे महत्त्व होय.