मेघमलैची रुपेरी रेघ

तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात मेघमलै नावाची डोंगररांग आहे. मराठी कानाला हे नाव परकं वाटत नाही. मेघ तर आपलेच, आणि 'मलै' म्हणजे डोंगर. आपल्या मलयगिरीतला 'मलय' त्याचाच सख्खा. चहाचे मळे आणि वेलदोड्याच्या बागा मागे पडल्या की दाट सदाहरित जंगल लागतं. इथल्या एका फुलपाखराला डिसेंबर २०२३ मध्ये 'एन्टोमॉन' या नियतकालिकातून नाव मिळालं: सिगारिटिस मेघमलायेन्सिस. पश्चिम घाटातल्या फुलपाखराचं नवी जाती म्हणून वर्णन होण्याची ही तेहेतीस वर्षांतली पहिलीच वेळ होती.

हे फुलपाखरू नीलकुळातलं, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंच मोठं. पंख मिटून बसलं की खालच्या बाजूला गडद पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या पोटातून चांदीच्या तारेसारखी रेघ गेलेली असते. मागच्या पंखांना केसासारख्या बारीक शेपट्या आणि त्यांच्या मुळाशी नारिंगी डाग. बसल्यावर पंख हळूहळू घासून ते या शेपट्या हलवत राहतं. डाग म्हणजे डोकं आणि शेपट्या म्हणजे मिशा असा पक्ष्याचा समज होतो, चोच तिथे पडते आणि फुलपाखरू पंखाच्या चिंधीवर निभावून उडून जातं.

हा सगळा थाट रुपेरी रेघांच्या साऱ्याच भाऊबंदांचा आहे. महाराष्ट्रातही 'कॉमन सिल्व्हरलाइन' तोरणीच्या झुडपांभोवती भेटते. एकीचे पट्टे दुसरीसारखे, त्यातच ऋतूनुसार रंग कमीजास्त होणार, त्यामुळे जंगलात उडतं फुलपाखरू पाहून जात ठरवणं अवघड. मेघमलैच्या या जातीत पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे दोन पट्टे, मधला आणि त्याच्या बाहेरचा, एकमेकांना न मिळता वेगळे राहतात. फरक तेवढाच सांगितला तर एखाददुसऱ्या नगाचं वैगुण्य म्हणून कुणीही तो सोडून देईल. म्हणून अभ्यासकाला अळीपर्यंत जावं लागतं, आणि अळी शोधायची तर आधी मुंग्या शोधाव्या लागतात.

या जातीच्या अळ्या क्रेमॅटोगॅस्टर रॉटनी या मुंग्यांच्या सोबतीने वाढतात. क्रेमॅटोगॅस्टर मुंगी ओळखायला सोपी: डिवचलं की बदामाच्या आकाराचं पोट पाठीवरून पुढे उचलून धरते. या गटातल्या अळ्यांच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड द्रव पाझरतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात गांधीलमाश्यांपासून, कोळ्यांपासून अळीची राखण करतात. शेवटाकडे दोन छोट्या नळ्या आहेत. अळी त्या बाहेर काढते तेव्हा मुंग्यांची एकदम लगबग उडते. एरवी मऊ किडा दिसला की फाडून खाणाऱ्या मुंग्यांमध्ये एवढा मांसल जीव सुखाने राहतो. मला तर हे फुलपाखराच्या पंखांहूनही देखणं वाटतं.

मुंगीच्या नावातला रॉटन मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला. रॉबर्ट चार्ल्स रॉटनने १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये 'अवर अँट्स' हा लेख लिहिला, आणि स्विस मुंगीतज्ज्ञ ओग्युस्त फोरेलने या मुंगीला त्याचं नाव दिलं. इथल्या जंगलांत मुंग्या वेचणाऱ्या त्या वनाधिकाऱ्याचं नाव मेघमलैच्या फुलपाखराच्या ओळखपत्रावर असं चढलं आहे.

आता या फुलपाखराच्या मुलखाचं. त्याच्या नोंदी पेरियारच्या परिसरातल्या, म्हणजे पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडच्या आहेत. पश्चिम घाटाची सलग भिंत या खिंडीपाशी सुमारे तीस ते चाळीस किलोमीटर रुंदीची तुटते. दोन्हीकडे ढगांत बुडालेले डोंगर आणि मधे सखल, उबदार, कोरडा पट्टा. माणसाला ही घाट न चढता पलीकडे जायची सोय; ओल्या, थंड रानातल्या किड्याला मात्र ती समुद्रासारखी आहे. निलगिरीवर एक फ्रिटिलरी फुलपाखरू आहे, आणि खिंडीच्या दक्षिणेला पळणी-अनैमलैच्या माथ्यांवर तिची वेगळी बहीण.

त्यामुळे मुलूख ठरवताना नकाशावर टिंबं मांडून भागत नाही. मुंगी आहे म्हणून फुलपाखरू असेलच असं नाही; योग्य झाड हवं, ओल हवी, सावली हवी. शिवाय एखाद्या फेरीत ते दिसलं नाही एवढ्यावरून ते तिथे नाही असंही लिहिता येत नाही, कारण ते उन्हाच्या कवडशात घटकाभर बसतं आणि वर झाडोऱ्यात नाहीसं होतं. मग त्याच रानात पुन्हा जायचं, वेगळ्या महिन्यात जायचं, आणि मुंग्यांची रांग ज्या पानाकडे चालली असेल त्या पानाखाली वाकून बघायचं.