मृत्पात्री-कला, आधुनिक भारतीय (जपानी प्रभाव)

भारतातील आधुनिक स्टुडिओ मृत्पात्री-कलेवर जपानी परंपरेचा ठसा आहे. त्याचा आरंभ सरदार गुरुचरण सिंग (१८९६–१९९५) यांच्यापासून मानतात. मृत्तिकातंत्राच्या अभ्यासासाठी ते १९१९ मध्ये जपानला गेले. तेथे यानागी सोएत्सू, हमादा शोजी, कावाई कांजिरो व इंग्रज कलावंत बर्नार्ड लीच यांच्याशी त्यांचा परिचय झाला. निनावी कारागिराने नित्य वापरासाठी घडविलेल्या वस्तूंत श्रेष्ठ सौंदर्य असते, हे यानागींचे प्रतिपादन होय. ह्या विचाराला १९२५ मध्ये ‘मिंगेई’ (लोककारागिरी) हे नाव मिळाले. गुरुचरण सिंगांनी १९५२ मध्ये दिल्लीत ‘डेल्ही ब्लू पॉटरी’ स्थापन केली.

दुसरा प्रवाह पाँडिचेरीचा. डेबोरा स्मिथ (ह्या जपानमधील बिझेन येथे शिकल्या होत्या) व रे मीकर ह्या अमेरिकन कलावंतांनी १९७१ मध्ये तेथे ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. बिझेन पात्रांना झिलई देत नाहीत. लोहयुक्त मातीची पात्रे लाकडाच्या भट्टीत अनेक दिवस भाजतात. उडणारी राख पात्रांवर बसून वितळते, तर गुंडाळलेल्या गवताच्या काड्यांमुळे तांबूस रेषा उमटतात. भट्टीतील ही अनिश्चितता जपानी रसिक दोष मानीत नाहीत. पाँडिचेरीत सुरूचे लाकूड जाळून झिलईदार पात्रे भाजली गेली व तेथे अनेक भारतीय कलावंत घडले. झिलईचे तंत्र भारतीय कुंभकारांसाठी ग्रंथबद्ध करण्याचे काम निर्मला पटवर्धन यांनी केले.

निनावी कारागिराच्या गौरवातून निघालेली ही प्रेरणा भारतात मात्र मुख्यतः सुशिक्षित, स्वाक्षरी करणाऱ्या कलावंतांच्या हाती आली. परंपरेने चाक चालविणारा कुंभार बहुधा बाहेरच राहिला. गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. त्यांच्या ग्रामगीतेतील ग्रामोद्योगाचा आग्रह यानागींच्या विचाराजवळचा वाटला, तरी त्याचे मूळ येथील ग्रामोद्धाराच्या परंपरेत आहे. विदर्भात कुंभाराला सुधारित तंत्र देण्याचा लक्षणीय प्रयत्न कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावती (जि. चंद्रपूर) येथील ग्रामोदय संघाद्वारे केला.

ह्यात मातीचीही अडचण आहे. माठ-रांजण सु. ७००°–९००° से. तापमानास भाजतात, तर अशा कठीण पात्रांस सु. १,२५०°–१,३००° से. तापमान लागते. लोह व चुना असलेली वऱ्हाडातील काळी माती त्यापूर्वीच वितळू लागते. म्हणून उष्णतारोधी माती बाहेरून आणावी लागते.