'घरगुती' म्हणजे कुणाच्या घरचं?

काष्टीच्या माझ्या पुतणसुनेनं मसाल्याची छोटी कंपनी काढली आणि वेबसाइटचा मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवला. पहिलंच वाक्य : 'सर्वोत्तम दर्जाची घरगुती उत्पादने उपलब्ध करून देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.' अगं, पण मसाला तिखट आहे की नाही?

म्हटलं, "शनिवारी आपल्या जनावरांच्या बाजारात जाऊन ऐक. बैल विकणारा 'सर्वोत्तम बैल' म्हणतो का? तो म्हणतो, चार दाती आहे, औताला चालतो, मारका नाही. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं. तसं लिही. मिरची कोणती, तिखट किती, पाकीट किती ग्रॅमचं, किती महिने टिकतं."

ते तिला पटलं. 'केलं' की 'केले', यावरही वाद झाला नाही. कुठलंही घे, पण सगळीकडे एकच ठेव. जुंपली ती 'घरगुती'वर. "काकू, त्या शब्दावरच तर पाकिटं खपतात!"

खपतात ना, म्हणूनच सांभाळायचं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांत, ग्राहकाची चुकीची समजूत होईल असे 'घरगुती'सारखे शब्द वापरायला मनाई आहे. हिचा मसाला आता पत्र्याच्या शेडमध्ये डंकावर कांडला जातो. त्यात लाजायचं काय?

शेवटी तिनं लिहिलं : 'काष्टीच्या आमच्या शेडमध्ये आम्ही सातजणी मिरची भाजून डंकावर कांडतो. मसाला झणझणीत आहे, आधी अर्धा चमचाच घाला.'

सासूबाईंना मात्र 'घरगुती' अजून हवाय.